सोबतीचं स्टूल

काचेच्या कारखान्यात त्याने एकेचाळीस वर्षं एकच काम केलं. पट्ट्यावरून बाटली उचलायची, पितळेच्या दांडीने तिला हलकीशी टिचकी मारायची आणि ऐकायचं. स्वच्छ, लांबलचक आवाज आला की बाटली पुढे. बसका आला की टोपल्यात. डोळ्यांना न दिसणारी चीर त्याच्या कानाला बरोबर सापडायची. तिथेच कोणीतरी त्याला ‘कानसेन’ नाव ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की सासुरवाडीचे लोकसुद्धा ‘कानसेन आले’ म्हणू लागले.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्याच्या कानात एक बाटली वाजायला लागली. चांगली, बिनचिरेची. फरक इतकाच, की ती थांबेना.

कानाच्या डॉक्टरांनी आत दिवा घालून पाहिलं, कानावर डबडी चढवून तपासलं आणि सांगितलं, की पडदे ठणठणीत आहेत. वय झालं, त्यात जन्मभर कारखान्याचा गोंगाट, आता सवय करून घ्या. त्याने करून घेतली. बायको म्हणायची, “बरंच झालं की! आता माझी बोलणी तुम्हाला ऐकू जाणार नाहीत.” ते काही खरं नव्हतं. ती तीस वर्षं बालवाडीची बाई होती. पन्नास पोरांच्या कलकलाटावरून हाक मारायची सवय असलेला तो गळा. त्याच्यापुढे एका बाटलीची काय बिशाद! तिने स्वयंपाकघरातून ‘अहो’ म्हटलं, की शेजारच्या घरातला पोस्टमास्तरसुद्धा दचकून उठायचा.

मग तिला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि तो गळा गेला. उरली नुसती कुजबुज, तीही सगळ्यांसमोर नाही. मुलगी परगावाहून येऊन महिनाभर राहिली, सकाळची कामवाली बाई रोज येत होती, पण त्यांच्यासमोर ती ओठ मिटून बसायची. दुपारी चारच्या सुमाराला, चहा झाला की, घरात दोघंच असताना ती कानसेनकडे बघायची आणि काहीतरी म्हणायची. रोज तेच. पाच-सहा शब्दांचं वाक्य असावं, मध्ये ओठ दोनदा मिटायचे. त्याच्या कानात बाटली वाजत असायची आणि त्या आवाजाखाली ते वाक्य बुडून जायचं.

त्याने सगळं करून पाहिलं. कान तिच्या तोंडाला लावला. श्वास लागला, शब्द नाही. पाणी आणून दिलं, खिडकी लावली, मुलीला फोन जोडून दिला. प्रत्येक वेळी ती डोळे मिटून घ्यायची, भलतीच भाजी घेऊन आल्यावर घ्यायची तसे. अक्षरांचा तक्ता समोर धरला तर तिने डाव्या हाताने तो ढकलून दिला. शेवटी त्याने फोनवर तिचं बोलणं टिपलं आणि मुलीला पाठवलं. मुलीचा उलट फोन आला. ती म्हणाली, “बाबा, यात आईचं काहीच ऐकू येत नाही. नुसते तुम्हीच ओरडताय. ‘काय? काय म्हणालीस? परत म्हण!’”

तिचं दुखणं वाढत होतं, हे त्याला दिसत होतं. डॉक्टर तारीख सांगत नसत, पण ‘आता जपा’ म्हणत. ती जायच्या आत ते वाक्य त्याला ऐकायचं होतं. बाकी काही मागणं नव्हतं.

सुयांचं पोस्टमास्तरने सुचवलं. त्याच्या मेहुणीच्या कानातली शिट्टी म्हणे सुयांनी निम्मी झाली होती. “करून बघ रे. बुडत्याला काडीचा आधार,” तो म्हणाला, “आणि इथे तर दहा-बारा काड्या टोचतात.”

चष्म्याच्या दुकानामागे, तळमजल्यावर तो दवाखाना होता. पूर्वी दुकानाचं कोठार असावं. आता पांढरा रंग, धुरकट काचेची एक खिडकी, उंच पाठीचा पलंग आणि शेजारी लाकडी स्टूल. हवेत स्पिरिटचा वास. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत नव्हता. तसं मुद्दाम शोधून आणलं होतं म्हणे. डॉक्टरीणबाई पंचेचाळिशीच्या, नखं बारीक कापलेल्या, हळू बोलणाऱ्या.

“काका, मी खात्री देत नाही,” त्यांनी आधीच सांगितलं. “काहींना उतार पडतो, काहींना अजिबात नाही. दहा वेळा करून बघू. आणि सोबत कोणीतरी हवं. साठीच्या पुढच्या माणसाला मी एकटं निजवत नाही. मागे एका आजोबांना डुलकी लागली आणि ते कुशीवर वळले; कानाभोवतीच्या सुया पार वाकल्या. तेव्हापासून हा नियम. सोबतच्या माणसाने स्टूलवर बसायचं आणि पेशंटच्या तळहातावर आपला तळहात ठेवायचा. दाबायचं नाही. माणूस हलायला लागला की हाताला आधी कळतं.”

त्यांच्याकडे एक छोटा डबा होता, त्याला गोल बटण आणि शून्य ते शंभर आकडे. बटण फिरवलं की डबा बारीक शिट्टी घालायचा. ती आपल्या कानातल्या आवाजाशी जुळली की थांबायचं. कानसेनने बटण फिरवलं आणि चार सेकंदांत अडुसष्टवर थांबला. बाईंनी बटण मागे नेऊन परत करायला सांगितलं. पुन्हा अडुसष्ट.

“लोक दहा-दहा घरं इकडेतिकडे जातात, काका.”

“हाच धंदा होता माझा,” तो म्हणाला.

आवाजाचा मोठेपणा विचारला, तो त्याने दहापैकी दहा सांगितला. बाईंनी कार्डावर दोन्ही आकडे लिहिले. मग केसासारख्या सुया बारीक नळीतून टकटक करत आत गेल्या: कानासमोरच्या खळग्यात, पाळीमागे, करंगळीच्या मागच्या भागात, घोट्यापाशी. दुखलं नाही, सुईभोवती नुसतं जड वाटलं. पोस्टमास्तर स्टूलवर बसून त्याचा हात धरून होता. “लग्नात बायकोचासुद्धा इतका वेळ धरला नव्हता,” असं म्हणून त्याने बाईंना हसवलं.

पहिल्या दोन खेपांना काहीच झालं नाही. तिसऱ्या खेपेनंतर रस्ता ओलांडताना कानसेनला एका सायकलच्या साखळीची करकर ऐकू आली आणि तो भर रस्त्यात उभा राहिला. चौथ्या खेपेला बाईंनी विचारलं, तेव्हा त्याने दहापैकी आठ सांगितला. परतताना तो लग्न ठरलेल्या पोरासारखा बडबडत होता. पोस्टमास्तर मात्र करंगळीने कान हलवत होता.

“काय झालं रे?”

“काही नाही. मळ असेल.” मग जरा वेळाने, “पुढच्या वेळी मला जमायचं नाही बघ. गुडघा धरलाय.”

कानसेनला दुसरं कोण होतं? मुलगी परगावी. कामवालीला दुसरी घरं. शिवाय त्या वेळात बायकोजवळ बसायला पोस्टमास्तरची बायको यायची, तीही आता नवऱ्याची तब्येत बरी नाही म्हणाली. तेव्हा त्याला वाटलं, सोपं आहे की. तिचा डावा हात तर चांगला आहे.

झटका आल्यापासून आठ महिन्यांनी तिला घराबाहेर काढायचं म्हणून त्याने तिला निळा स्वेटर घातला, केस विंचरले. भांग वाकडा पडला. तिने आरशात बघितलं आणि एक भुवई उचलली. झटक्यानंतर ती भुवई त्याने पहिल्यांदाच पाहिली होती आणि त्याला इतकं बरं वाटलं, की गाडीत बसेपर्यंत तो तिच्या भांगाबद्दल तिची माफी मागत होता.

डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. मग त्यांनी स्टूल बाजूला करून तिची चाकांची खुर्ची तिथे लावली. “काकू, नुसता हात ठेवायचा हं.” तिने ठेवला. मधूनच तिचा अंगठा त्याच्या तळहातावर हलत होता.

त्या दिवशी बाटली दहापैकी पाचावर आली.

सहाव्या खेपेला तीन. घरी आल्यावर चहा झाला, चार वाजले, तिने त्याच्याकडे बघितलं, ओठ हलले. आणि पहिला शब्द त्याला ऐकू आला. ‘अहो’. तिचाच. पुढचं बाटलीने खाल्लं, पण तो शब्द स्पष्ट होता, कोणीतरी दाराआडून हाक मारावी तसा. तो रडला. अगदी पोरासारखा, नाक ओढत रडला. आपण रडत असताना तिने दोनदा डोकं तिरकं करून झटकलं, पोहून आल्यावर कानातलं पाणी काढतात तसं, हे त्याने पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

पुढची खेप आठवड्याने होती. तो तिसऱ्याच दिवशी तिला घेऊन दवाखान्यात हजर झाला. “एवढी घाई नको, काका,” बाई म्हणाल्या. “काकू दमल्यासारख्या दिसतात.”

“ती नेहमी अशीच दिसते,” तो म्हणाला. ते खोटं होतं.

सुया लावल्यावर पंधराव्या मिनिटाला त्याच्या कानातला आवाज थांबला. विरला नाही, कमी होत गेला नाही. कोणीतरी वाजत्या बाटलीवर तळवा ठेवावा तसा थांबला. नऊ वर्षांनी. त्याला बाहेरच्या दुकानात कोणीतरी चष्म्याचं घर मिटल्याचं ऐकू आलं, स्पिरिटचा बोळा बाईंच्या बोटांवर घासल्याचा आवाज ऐकू आला. शेजारी बायकोचा श्वास ऐकू आला. तो भराभर चालला होता.

घरी आल्यावर त्याने रेडिओची वायर काढली, पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. चहा केला. चार वाजायच्या आधीच खुर्ची तिच्यासमोर ओढून बसला. हात धुऊन बसला, जेवायला बसावं तसा.

तिने त्याच्याकडे बघितलं.

“अहो,” ती म्हणाली. कुजबुज नव्हती ती. घोगरा, खरखरीत, पण आवाज. “ती शिट्टी बंद करा ना.”

ओठ एकदाच मिटले होते. हे ते वाक्य नव्हतं.

“कुठली शिट्टी?”

“ती. बंद करा ना.”

त्याने गॅस बघितला, कुकर बघितला, शेजारी जाऊन विचारून आला. शेवटी मेन स्विच पाडला. घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. ती डाव्या हाताने कान दाबून बसली होती आणि म्हणत होती, “अहो, बंद करा ना.”

कानात वाजत असलं की माणूस मोठ्याने बोलतो. रोज तिचा आवाज चढत गेला. आता ती कोणासमोरही बोलायची, पण तेवढंच. मुलीने फोनवर मागून येणारा तो आवाज ऐकला आणि ती हर्षाने किंचाळलीच. “बाबा! आई बोलतेय! आईचा आवाज आला!” कानसेनने हो म्हटलं आणि फोन ठेवला.

तो पोस्टमास्तरकडे गेला. पोस्टमास्तर टीव्ही मोठ्याने लावून बसला होता. कानसेनने काही न विचारता टीव्ही बंद केला.

“तुझ्या कानात काय आहे?”

पोस्टमास्तरने आधी बायकोला आत जायला सांगितलं. “बारीक आहे. होतं रे या वयात.”

“कधीपासून?”

“तिसऱ्या वेळेपासून. तुझा हात धरला होता तेव्हा... मला वाटलं, मनाचे खेळ. आणि तुझा चेहरा असा खुलला होता, म्हटलं कशाला सांगा.”

“दहापैकी किती?”

“दोन,” पोस्टमास्तर म्हणाला. “जास्त नाही. मला झेपतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बायकोला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाला, आज हिला पलंगावर घ्या, मी स्टूलवर बसतो.

“काका, असं काही होत नसतं.”

“नसेलच होत. मग करून बघायला काय हरकत आहे?”

बाईंनी डबा तिच्या मांडीवर ठेवला, बटण तिच्या डाव्या हातात दिलं. त्यांना वाटलं असावं, तिला जमायचं नाही आणि विषय तिथेच मिटेल. तिने बटण फिरवलं. मग ती थांबली, डबा छातीशी घट्ट धरला आणि कानसेनकडे बघितलं, बघा, मी खोटं बोलत होते का, अशा नजरेने.

बाईंनी आकडा वाचला. कार्डावर लिहिला नाही.

“मोठेपणा विचारा,” कानसेन म्हणाला.

तिने पाच बोटं दाखवली. मूठ मिटली. मग तीन.

बाईंनी सुया काढल्या, नळ्या काढल्या. इतक्या खेपांत कानसेनने त्यांचे हात नेहमी उघडेच पाहिले होते. त्या दिवशी त्यांनी हातमोजे घातले.

तो स्टूलवर बसला. तळहातावर तळहात. दाबायचं नाही म्हणून सांगितलेलं होतं, त्याने दाबला. बोटं बोटांत अडकवून दाबला. डोळे मिटून तो वाट बघत बसला, शाळेतून यायला उशीर झालेल्या पोराची बघतात तशी. ये. माझी आहेस. नऊ वर्षं सांभाळली तुला. ये परत.

पंचवीस मिनिटं झाली. त्याला बाहेर ग्राहकाने दिलेली सुटी नाणी ऐकू आली, बाईंचं घड्याळसुद्धा ऐकू आलं. त्याला आवाज होता तर. बाटली आली नाही.

“पुन्हा करू,” तो म्हणाला.

“काका, मला माफ करा,” बाई म्हणाल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या.

त्यानंतर बायको तीन आठवडे होती. झोप गेली, अन्न गेलं. डॉक्टरांनी गुंगीचं औषध दिलं. ती गुंगीतही कान दाबायची. तो सगळा दिवस तिचा हात धरून बसायचा. जेवायचासुद्धा डाव्या हाताने.

एका दुपारी ती जरा शांत वाटली. चारच वाजले होते. तो खाली वाकला. “अगं, तू रोज काहीतरी म्हणायचीस. या वेळेला. आठवतंय? काय ते? एकदा सांग.”

ती त्याच्या ओठांकडे बघत होती.

“काय?” ती म्हणाली. “काय म्हणालात?”

त्याने परत सांगितलं. ओरडून सांगितलं. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. तिने कागदाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. “ऐकूच येत नाही हो,” ती म्हणाली. “परत म्हणा ना.”

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ती गेली. डॉक्टर घरातच होते. त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली, डोळ्यांत दिवा धरला आणि कागदावर वेळ लिहिली.

मुलगी आदल्या रात्रीच आली होती. तिने आईचे केस विंचरले, भांग सरळ पाडला. माणसं जमली, पोस्टमास्तरने गाडी सांगितली. कानसेन भिंतीला टेकून बसला होता. एवढ्या माणसांत त्याला प्रत्येकाचा श्वास वेगवेगळा ऐकू येत होता आणि तिचा नव्हता. निदान सुटली, असं कोणीतरी म्हणालं. त्यालाही तेच वाटत होतं. तेवढा एकच आधार होता.

दोन वाजता गाडी आली. माणसं खोलीच्या दारात थांबली. मुलगी म्हणाली, “बाबा, बघून घ्या एकदा.”

तो तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसला. तिच्या गालाला गाल लावला. गाल थंड होता. त्याचा कान तिच्या कानावर आला.

तो तसाच थांबला.

“बाबा, उठा आता.”

“थांबा जरा.”

“बाबा, माणसं खोळंबली आहेत.”

“गप्प बसा सगळे,” तो म्हणाला.

सगळे गप्प बसले. पोस्टमास्तर पुढे आला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होता, पण त्याचा चेहरा बघून दोन पावलं मागे सरला आणि त्याने आपले दोन्ही हात पाठीमागे धरले.

कानसेन ऐकत होता. तिला जाऊन पावणेचार तास झाले होते. आवाज अडुसष्टचाच होता आणि जरासुद्धा कमी झाला नव्हता.